उचल, मूळ फीत आणि मुखवटा

१

ऊसतोड मजुराच्या घरात 'उचल' हा शब्द मुलाला बाराखडीच्या आधी कळतो. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम येतो, कोयत्यामागे रक्कम ठरते, आणि त्या रकमेच्या मोबदल्यात नवरा-बायकोचे पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात गहाण पडतात. हंगाम संपला की हिशेब होतो. ऊस किती तोडला, खाडे किती झाले, मध्ये दवाखान्याला किती घेतले, याची बेरीज-वजाबाकी मुकादमाच्या वहीत असते. वही मजुराच्या हातात कधीच येत नाही. बहुधा बाकी अंगावर राहते, आणि त्या बाकीपोटी पुढच्या वर्षाचा हंगामही आधीच विकला जातो.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी अशाच घरातला आहे. तो रॅप म्हणतो. फोनवर ठेका लावायचा, स्वतः लिहिलेले शब्द त्यावर बसवायचे आणि वस्तीतल्या पोरांना ऐकवायचे, असा त्याचा उद्योग दोन-तीन वर्षे चालला होता. मागील वर्षी एका संगीत कंपनीने त्याला कराराचा मसुदा पाठविला. इंग्रजीतली अकरा पाने होती. ती घेऊन तो माझ्याकडे आला. रक्कम त्याच्या घरच्या मानाने मोठी होती. मी एकेक कलम वाचून अर्थ सांगत गेलो. आगाऊ रक्कम गाण्यांच्या उत्पन्नातून वळती होईल, ध्वनिमुद्रणाचा खर्चही त्याच खात्यात पडेल, मुद्रित गाण्यांची मालकी कंपनीची राहील, आणि करार संपेपर्यंत दुसऱ्या कोणाकडे गाता येणार नाही. मी थांबलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, ही तर उचलच आहे."

त्याच्या त्या एका वाक्यामुळे मला न्यूयॉर्कच्या एका काळ्या कलावंताचा इतिहास नव्याने वाचावा लागला. डॅनिएल डुमिले असे त्याचे नाव. जग त्याला एम. एफ. डूम या नावाने ओळखते. तो रॅपर होता आणि प्रोड्यूसरही होता. आपल्याकडे निर्माता म्हटला की पैसे लावणारा डोळ्यांपुढे येतो. हिप हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे गाण्याचा ठेका आणि त्याखालचे सारे संगीत रचणारा कारागीर. शब्द एकाचे आणि ठेका दुसऱ्याचा अशी सर्वसाधारण वाटणी असते. डुमिले दोन्ही स्वतः करीत असे.

काळ्यांचे साहित्य आपल्या वाचकांना परके नाही. डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर त्या वाङ्मयाकडे आपले लक्ष वेधले, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत विस्ताराने लिहिले, आणि १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला नाव दिले तेही तिकडच्या पँथर्सकडे पाहूनच. त्याही आधी, १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. हे नाते जुने आहे. परंतु त्या साहित्यातील वेदना आपण जेवढी वाचली, तेवढा त्या वेदनेच्या विक्रीचा हिशेब वाचला नाही. तो हिशेब मांडण्यासाठी हा लेख आहे.

२

हिप हॉपचा जन्म सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख दिली जाते. न्यूयॉर्क शहरातील ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत त्या रात्री एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. तबकड्या वाजविणारा तिचा भाऊ म्हणजे जमैकातून आलेला कूल हर्क. नाचणारी मुले गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट पाहतात हे त्याने हेरले. गायन थांबते आणि केवळ ढोलाचा ठेका उरतो, ती ही जागा. दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. त्या ठेक्यावर माइक हाती घेऊन बोलणे सुरू झाले. रॅपचे मूळ हे आहे.

ज्या वस्तीत हे घडले तिच्या मधून शहराच्या योजनाकारांनी द्रुतगती मार्ग नेला होता. घरे पाडली होती, कारखाने निघून गेले होते, घरमालक दुरुस्ती करीत नव्हते आणि इमारती जळत होत्या. मुलांकडे वाद्ये नव्हती, संगीत शिकण्याची सोय नव्हती. घरी आईबापांच्या जुन्या तबकड्या मात्र होत्या. तेव्हा तबकडी हेच त्यांनी वाद्य केले. ज्यांना काही दिले गेले नाही त्यांनी उरल्यासुरल्यातून कला उभी केली, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्यातून हलगी कोणी घडविली हे आपण जाणतो.

पण हलगी वाजविणाऱ्याला लग्नाच्या पंगतीत बसविले जात नाही, आणि ब्रॉन्क्सच्या मुलांचेही तसेच झाले. दहा-बारा वर्षांत त्यांच्या गाण्याला बाजारभाव आला आणि बाजार आला तो मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या घेऊन. कंपनीची रीत सोपी होती. नव्या गायकाला आगाऊ रक्कम द्यायची. मुद्रण, चित्रफीत, जाहिरात यांचा खर्च बहुतांशी त्याच्याच नावे मांडायचा. विक्रीतून त्याच्या वाट्याला शेकडा दहा-पंधराच्या आसपास मानधन, आणि तेही सगळी उचल फिटल्यावर. उचल फिटली तरी मूळ फीत, म्हणजे ज्या मुद्रणावरून साऱ्या प्रती निघतात ते मुद्रण, कंपनीचेच. शेतमजुराने जन्मभर राबून शेताचा सातबारा मालकाच्याच नावावर राहावा, तशातला हा प्रकार.

३

डुमिलेचा जन्म १३ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहावयास गेले. १९८८ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने के. एम. डी. नावाचा गट उभा केला. थोरल्याने झेव्ह लव्ह एक्स हे नाव घेतले, धाकट्याने सबरॉक. १९८९ मध्ये थर्ड बेस या गटाच्या गाण्यात थोरल्याचा आवाज प्रथम लोकांपर्यंत पोचला आणि इलेक्ट्रा या बड्या कंपनीने भावांशी करार केला. 'मिस्टर हूड' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९१ मध्ये निघाली. तिच्यात विनोद आहे, खोड्या आहेत, भाषा शिकविणाऱ्या जुन्या तबकडीतील वाक्ये कापून केलेले संवाद आहेत. आणि या सगळ्या हसण्याखेळण्यात एक गंभीर सूत्र आहे. त्या सूत्राचे नाव सांबो.

सांबो म्हणजे काळ्या माणसाचे गोऱ्यांनी काढलेले व्यंगचित्र. जाड ओठ, बटबटीत डोळे, सदा दात दाखविणारा, आळशी, भित्रा आणि मालकावर खूश असलेला. एकोणिसाव्या शतकात गोरे नट चेहऱ्याला काजळी फासून रंगमंचावर येत आणि असा काळा माणूस नाचवून दाखवीत. ते सोंग पुढे बिस्किटांच्या डब्यांवर, खेळण्यांवर आणि चित्रपटांत गेले. वाचकांना एक गोष्ट कदाचित नवी वाटेल. हे नाव मुलांच्या पुस्तकांतून घरोघरी पोचविणारी 'लिटल ब्लॅक सांबो' ही गोष्ट भारतात राहणाऱ्या एका स्कॉटिश बाईने, हेलन बॅनरमन हिने, लिहिली. १८९९ साली ती लंडनमध्ये छापली गेली. म्हणूनच त्या काळ्या मुलाच्या गोष्टीत वाघ आहेत आणि शेवटी ते वाघ झाडाभोवती पळून पळून वितळतात, त्यांचे तूप होते. साम्राज्याच्या लेखी मद्रासचा काळा आणि अमेरिकेचा काळा एकच होता. आणखी एक उपरोध असा की, या पुस्तकाचे हक्क अवघ्या ५ पौंडांना विकले गेले. लेखिकेच्या हातात मालकी नसल्यामुळे अमेरिकेत त्याच्या वाटेल तशा चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि सांबोचे चित्र अधिकाधिक विकृत होत गेले. चित्राची मालकी ज्याच्याकडे, चेहऱ्याचे भवितव्य त्याच्या हातात.

के. एम. डी. च्या भावांनी सांबोच्या चेहऱ्यावर बंदीची आडवी रेघ मारली आणि तेच आपल्या गटाचे चिन्ह केले. वीस वर्षांच्या आतबाहेरची मुले काय म्हणत होती ते स्पष्ट आहे. हा चेहरा आमचा नाही, आम्ही तो नाकारतो. आपल्या साहित्यात ज्याला आपण नकार म्हणतो तोच हा नकार.

४

दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना, एप्रिल १९९३ मध्ये, लाँग आयलंडवरचा एक हमरस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून सबरॉक मृत्युमुखी पडला. थोरल्याने राहिलेले काम एकट्याने पुरे केले. ध्वनिमुद्रिकेचे नाव होते 'ब्लॅक बास्टर्ड्स'. वेष्टनावरचे चित्र त्याने स्वतः काढले. शब्द ओळखण्याच्या खेळात मुले पाटीवर फाशीचा खांब काढतात, त्या धर्तीचे ते चित्र होते. खांबाला सांबो लटकत होता. दोन वर्षांपूर्वी ज्या व्यंगचित्रावर रेघ मारली त्याला आता फाशी दिली होती.

चित्र बाजारात जाण्याआधीच 'बिलबोर्ड' या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकातील स्तंभातून त्यावर टीका झाली. काळ्या माणसाला फाशी दिलेली दाखविली आहे, असा तिचा रोख. फाशी माणसाला आहे की माणसाच्या विटंबनेला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. इलेक्ट्रा ही वॉर्नर समूहातील कंपनी. त्या समूहाने नुकताच एक चटका खाल्ला होता. १९९२ मध्ये आइस-टी या रॅपरच्या बॉडी काउंट गटाच्या पोलिसांवरील गाण्यावरून अमेरिकेतील पोलीस संघटनांनी बहिष्काराची हाक दिली होती आणि १९९३ च्या आरंभी त्याला वॉर्नर सोडावे लागले होते. नवा वाद कंपनीला नको होता. एप्रिल १९९४ मध्ये तिने 'ब्लॅक बास्टर्ड्स' प्रसिद्ध न करण्याचे ठरविले आणि करार मोडला. डुमिलेच्या हाती २०,००० डॉलर आणि मूळ फिती देऊन त्याची रवानगी झाली.

एक वर्षाच्या आत भाऊ गेला, पोट गेले आणि नावही गेले. पुढली तीन वर्षे आपण जवळजवळ बेघर होतो, मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत होतो, बाकांवर झोपत होतो, असे त्याने नंतर सांगितले आहे. वंशविद्वेषाचा निषेध करणारे चित्र वंशविद्वेषी ठरवून एका काळ्या कलावंतालाच शिक्षा झाली. आपल्या लेखकांनी जातीची शिवी जशी ऐकली तशी लिहिली, तेव्हा शिवी देणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्यावरच अश्लीलतेचा ठपका आला. ही परिस्थिती आपल्या ओळखीची आहे.

मात्र या प्रसंगातील एक बारकावा आपण निसटू देता कामा नये. कंपनीने त्याला मूळ फिती परत दिल्या. तिच्या दृष्टीने तो टाकाऊ माल होता. पण त्या फिती मातीत जमीन सापडावी तशा त्याच्या हाती आल्या. ज्या कामाची त्याला लाज वाटावी असे व्यवस्थेने ठरविले, त्या कामाचा तो आता पहिल्यांदा मालक झाला होता. ती ध्वनिमुद्रिका चोरट्या प्रतींतून हातोहात फिरत राहिली आणि पुढे लहान कंपन्यांमार्फत रीतसर बाहेर आली.

५

१९९७ च्या सुमारास तो परतला. परतला तो कोठे, हे पाहण्यासारखे आहे. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात न्यूयोरिकन पोएट्स कॅफे नावाची जागा आहे. पोर्तो रिकोहून आलेल्या स्थलांतरितांच्या कवींनी १९७३ च्या सुमारास ती उभी केली. शुद्ध इंग्रजी किंवा शुद्ध स्पॅनिश यांपैकी कशातच न मावणारी आपली भाषा तेथे मोकळेपणाने बोलता यावी हा हेतू. तेथील खुल्या मंचावर एक माणूस डोक्यावरून बायकांचा पायमोजा चेहऱ्यावर ओढून येऊ लागला आणि रॅप म्हणू लागला. झेव्ह लव्ह एक्स म्हणून ज्याला लोक विसरले होते, तोच हा. पुढे पायमोज्याच्या जागी मुखवटा आला, आणि मग धातूचा मुखवटा. चित्रकथांमधील डॉक्टर डूम या लोखंडी चेहऱ्याच्या खलनायकावरून त्याने नाव घेतले. गाताना 'मेटल फेस', ठेका रचताना 'मेटल फिंगर्स'. चेहरा धातूचा, बोटेही धातूची.

त्याची गाणी काढली फॉन्डल-एम या अगदी लहान संस्थेने. ती बॉबितो गार्सिया या तरुणाने १९९५ मध्ये सुरू केली होती. गार्सिया आणि त्याचा मित्र स्ट्रेच आर्मस्ट्राँग १९९० पासून आठवड्यातून एका रात्री एकपासून पहाटेपर्यंत रेडिओवर हिप हॉपचा कार्यक्रम करीत. कंपनी नसलेल्या मुलांच्या फिती तेथे वाजत. ते रेडिओ केंद्र विद्यार्थ्यांचे होते आणि विद्यापीठ होते कोलंबिया. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जेथे शिकले, तेच हे विद्यापीठ. या योगायोगातून मोठा सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. तरी एवढे म्हणता येईल की, विद्यापीठाच्या भिंतीत एक खिडकी उघडी राहिली तर रस्त्यावरचा आवाज आत येतो. आपल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत ही खिडकी किती उघडी असते, हे शिक्षकांनी स्वतःलाच विचारावे.

१९९९ मध्ये 'ऑपरेशन : डूम्सडे' निघाली. तिचे ठेके बहुतांशी त्याने स्वतः रचले होते. इतरांना गुळमट वाटणाऱ्या १९८० च्या दशकातील प्रेमगीतांचे तुकडे त्याने कापून घेतले आणि जुन्या व्यंगचित्रपटांतील संवाद मध्ये पेरले. या तंत्रालाही मालकीचा काच होता. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघ न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल देताना, परवानगीवाचून दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरणे ही चोरीच ठरविली होती. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसा लागू लागला. बड्या कंपन्यांचे वकील सावध झाले. बारा इंची तबकडीच्या थोड्या प्रती काढणारी लहान संस्था मात्र त्यांच्या नजरेखालून निघून जाऊ शकत असे. स्वतंत्र राहण्यात उपेक्षेचाही काही फायदा असतो तो असा.

६

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कंपनीवाचून तो उभा कसा राहिला? प्रतिभा होती हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. प्रतिभा १९९४ मध्येही होती आणि ती बाकावर झोपली होती. बदलली ती रीत.

एक म्हणजे त्याने एकाच मुकादमाशी आयुष्य बांधून घेतले नाही. २००३ मध्ये किंग गिडोरा या नावाने त्याची ध्वनिमुद्रिका लंडनच्या बिग डाडाकडून निघाली आणि त्याच वर्षी व्हिक्टर वॉन या नावाने दुसरी साउंड-इंककडून. मार्च २००४ मध्ये मॅडलिब या प्रोड्यूसरबरोबर केलेली 'मॅडव्हिलनी' लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रोने काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'एम. एम.. फूड' मिनियापोलिसच्या राइमसेयर्सने. एकेका कामापुरती एकेक संस्था आणि एकेक नाव. नाव बदलत असल्यामुळे कोणालाच त्याचा सबंध आवाज विकत घेता आला नाही.

दुसरे म्हणजे कारागिरीचे दोन्ही हात त्याचे होते. २००१ पासून 'स्पेशल हर्ब्स' या मालेत त्याने आपले ठेके शब्दांवाचून, औषधी वनस्पतींची नावे देऊन, स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. एकच ठेका प्रथम त्याच्या गाण्यात यायचा, मग या मालेत, आणि मग दुसरा रॅपर तो मागून न्यायचा. घोस्टफेस किला या नामांकित रॅपरच्या २००६ मधील 'फिशस्केल' मध्ये डूमचे असे ठेके आहेत. बी स्वतःचे असले की एका पिकावर शेत संपत नाही.

तिसरी गोष्ट खपाची. 'मॅडव्हिलनी'मध्ये २२ तुकडे आहेत, बहुतेक दोन-अडीच मिनिटांचे, आणि पुनःपुन्हा येणारे ध्रुवपद जवळजवळ कोठेच नाही. प्रसिद्धीच्या वर्षभर आधीच तिची कच्ची प्रत बाहेर फुटली होती. बिलबोर्डच्या यादीत ती १७९ व्या क्रमांकापर्यंतच गेली. मोठ्या कंपनीने याला अपयश म्हटले असते. लहान संस्थेच्या आणि स्वतंत्र कलावंताच्या गणितात मात्र तेवढ्या खपावर घर चालते आणि नवे काम उभे राहते. आज तीच ध्वनिमुद्रिका हिप हॉपमधील श्रेष्ठ कृतींत गणली जाते.

चौथी गोष्ट मुखवट्याची. त्या काळात रॅपरचा चेहरा, देह, गळ्यातील साखळी आणि गाडी हाच माल झाला होता. काळा माणूस म्हणजे एक तर हसरा सांबो, नाही तर बंदूकधारी गुंड. बाजाराने दुसरे चित्र काढले खरे, पण कुंचला त्याच्याच हातात होता. डुमिलेने चेहराच काढून घेतला आणि सांगितले, शब्द ऐका. ज्याने तरुणपणी सांबोचा चेहरा नाकारला, त्याने प्रौढपणी चेहरा विकण्याचा व्यवहारच नाकारला. मला हा एकाच लढ्याचा दुसरा टप्पा वाटतो.

७

या माणसाची आरती करण्याचा माझा विचार नाही. २००७ च्या सुमारास काही कार्यक्रमांत मुखवटा घालून भलताच माणूस रंगमंचावर आला आणि त्याने मुद्रित गाण्यावर केवळ ओठ हलविले. पैसे मोजून आलेले श्रोते संतापले. आपण या पात्राचे लेखक आणि दिग्दर्शक आहोत, भूमिका कोणालाही देऊ शकतो, अशा आशयाचे समर्थन डुमिलेने केले. युक्तिवाद चतुर आहे, पण तिकिटाचे पैसे ज्याच्या घामाचे होते त्याची फसवणूक झाली हे खरेच. मालकी हातात आली की मालकाची खोडही अंगात शिरते काय, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. २०१० मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि परतताना अमेरिकेने त्याला प्रवेश नाकारला. बालपणापासून तेथे वाढलेला, तेथे लग्न केलेला, तेथील संगीताला ज्याने नवे वळण दिले तो माणूस कागदोपत्री अमेरिकेचा नागरिक कधी झालाच नव्हता. तो इंग्लंडमध्ये राहिला. पुढची ध्वनिमुद्रिते तेथून निघाली, पण अमेरिकेत तो राहायला परत गेला नाही. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, लीड्स येथे त्याचा मृत्यू झाला आणि जगाला ही बातमी ३१ डिसेंबरला कळली. त्यानंतर २०२३ मध्ये, त्याने रॅप लिहिलेल्या वह्या कोणाच्या, यावर अमेरिकेत दावा दाखल झाला. मूळ फितीचा प्रश्न मेल्यावरही सुटत नाही.

फितीची मालकी त्याने मिळविली, देशाची मिळविली नाही. कलावंत एकटा आपल्या कलेचा मालक होऊ शकतो, पण नागरिकत्व एकट्याने मिळत नाही. त्यासाठी कायदा लागतो आणि कायद्यासाठी संघटना लागते. स्वतंत्र कलावंताच्या यशाच्या कहाण्या आज भांडवलशाहीला फार आवडतात. एकटा माणूस, एक संगणक, मोठे स्वप्न, असे त्यांचे रूप असते. त्या कहाणीत न्यूयोरिकन कॅफे नसतो, विद्यार्थ्यांचे रेडिओ केंद्र नसते, फॉन्डल-एम नसते. डुमिले एकटा उभा राहिला असे आपण म्हणतो, तेव्हा ज्यांनी त्याला उभे राहण्यास जागा दिली त्यांना आपण पुसून टाकतो.

८

मुखवट्याविषयी आपल्या लोकांना एक शंका येईल आणि ती योग्य आहे. आपल्याकडेही माणसे चेहरा झाकतात. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव बदलतात, कचेरीत बाबासाहेबांची तसबीर लावायला कचरतात, गावाचे नाव विचारले की तालुक्याचे सांगतात. डूमचा मुखवटा आणि हा मुखवटा एक आहे काय? मला तसे वाटत नाही. आडनाव लपविणारा माणूस आपण कोण आहोत हे लपवितो, कारण कळले तर दार बंद होईल. डुमिले कोण आहे, काळा आहे, त्याचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक होते. त्याने ओळख लपविली नाही. ओळखीचा बाजार थांबविला. पहिला मुखवटा भीतीने चढतो. दुसरा भीती संपल्यावर घातला जातो. आणि आडनाव लपविणाऱ्याला भित्रा म्हणण्याआधी, दार कोण बंद करतो हे आपण बोलले पाहिजे.

तरीही आपल्या लेखकांना आणि गायकांना त्याचा धडा लागू आहे. प्रस्थापितांना आपले दुःख हवे असते, पण आपल्या चेहऱ्यासकट, जखमेसकट, छायाचित्रासकट हवे असते. आमच्या कवितेतील उपमेविषयी ते क्वचित विचारतात. आमच्या बापाच्या व्यवसायाविषयी हमखास विचारतात. जखम दाखवावी की नाही, कोणाला दाखवावी आणि त्याचा मोबदला कोणाच्या पेटीत जावा, हे ठरविण्याचा अधिकार आमचा असला पाहिजे.

आज तंत्र स्वस्त झाले आहे. फोनवर ठेका रचता येतो. चेन्नईत २०१८ च्या आरंभी 'कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आला, त्याने गाना, रॅप आणि आंबेडकरी विचार एकत्र आणले, आणि तो आला तो समूह म्हणून. भीमराव कर्डकांच्या जलशांची परंपरा असलेल्या आम्हाला समूहाचे बळ नव्याने शिकावे लागू नये. मात्र कायदा शिकावा लागेल. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला संरक्षण मिळाले. पण ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने अजूनही त्याचा निर्माता, म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, असतो. तेव्हा मुद्रण कोण करतो आणि ते कोणाच्या नावावर होते, या एका ओळीवर सारे ठरते.

माझ्या विद्यार्थ्याला मी सही कर किंवा करू नको असे सांगितले नाही. घरात आई आजारी होती आणि रक्कम खरी होती. उपाशी माणसाला तत्त्व सांगणे सोपे असते. आम्ही दोघांनी बसून कंपनीला पत्र लिहिले. रक्कम कमी द्या, पण मुद्रणाची मालकी पाच वर्षांनी त्याच्याकडे परत यावी, अशी मागणी केली. उत्तर आले नाही. मग त्याने वस्तीतल्या चार पोरांबरोबर वर्गणी काढून एक जुना माइक घेतला. पहिले गाणे त्यांनी समाजमंदिरात, रात्री पंखा बंद करून, मुद्रित केले. त्यावर पाचही नावे घातली आहेत. त्या पाचांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर आपसात लिहूनही घेतले आहे की, ही फीत पाचांची.

तो कागद मी वाचला आहे. मराठीत आहे, एकच पान आहे, आणि प्रत्येकाच्या घरी त्याची एकेक प्रत आहे.